नऊ चाळीसची पॅसेंजर

गाडी पुरती थांबली नव्हती तोच गंगासागरनं दांडा सोडून फलाटावर पाय टेकला. मागून विमलबाई उतरली, तिच्यामागून रोहिणी. परभणीहून आलेली पॅसेंजर परळीत रिकामी होत होती. दुधाचे कॅन, बाजाराच्या थैल्या, पेंगुळलेली लेकरं एकेक करून खाली येत होती. गंगासागरनं सवयीनं नळाकडं पाहिलं. नळापाशी बॅटरी पेटली, एकदा हलली आणि विझली.

ते तिचे सासरे, अण्णाराव. धोतर, काळी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे. सून दिसली की बॅटरी दाखवायची आणि पाठ फिरवून चालायला लागायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा रिवाज होता. आलीस का म्हणणं नाही, की आज उशीर झाला म्हणणं नाही. दहा पावलं पुढं त्यांची बॅटरी आणि मागं ही.

आज तिच्या पर्समध्ये एक कागद होता. गंगाखेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. आता तिथला बोर्ड निघणार होता, सगळं आपोआप जोडलं जाणार होतं. कुणी दिल्लीला बोलो की मुंबईला, मध्ये गंगासागरचा आवाज लागणार नव्हता. तिला परळीच्याच ऑफिसात नव्या फोनचे अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसवलं होतं. एक तारखेपासून, दहा ते साडेपाच. गाडीचं काम संपलं होतं.

स्टेशनाबाहेर दोन वाटा फुटत. सरळ मोंढ्यातून, बाजारपेठेतून गेलं तर दहा मिनिटांत घर. दिवे, उघडी दुकानं, बसलेली माणसं. दुसरी वाट कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागून, अंधारातून, वळसा घालून जायची. त्या वाटेनं अर्धा तास लागे. अण्णाराव आजही जिनिंगच्या वाटेला लागले, आणि गंगासागर आजही मोंढ्याच्या दिव्यांकडं एकदा बघून मागं निघाली.

नवरा केदारनाथ काविळीनं गेला तेव्हा शिवांजली दोन वर्षांची होती. त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली. सही करायच्या आदल्या रात्री अण्णाराव ओसरीवर बसून राहिले होते, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. दुपारपाळी लागली, परत यायला हीच एक गाडी. पहिल्या दिवशी ती भीत भीत उतरली तर सासरे नळापाशी उभे. तिला इतकं बरं वाटलं होतं! पण ते मोंढ्याकडं न वळता जिनिंगच्या अंधारात शिरले, आणि तिला उलगडलं. मोंढ्यात त्यांच्या चुलत भावांची दुकानं ओळीनं होती. घराण्याची तरुण विधवा सून रात्री दहाला कुठून येते हे त्यांना दिसू नये म्हणून ही वाट. न्यायला येत नव्हते ते, लपवायला येत होते.

पुढं सहा वर्षांपूर्वी विमलबाई गंगाखेडच्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली, यंदा रोहिणी एका एस.टी.डी. बूथवर बसू लागली. दोघी त्याच बॅटरीच्या उजेडात मागं मागं येत. त्यांची घरं वाटेवर आहेत, एवढंच गंगासागरनं धरून ठेवलं होतं.

जेवताना तिनं सांगितलं.

"मामा, एक तारखेपासून मी परळीतच. साडेपाचला सुटायचं."

अण्णारावांनी वरणात भिजवलेला भाकरीचा तुकडा तसाच धरला.

"मंजी गाडी न्हाई?"

"न्हाई."

"बरं झालं," ते म्हणाले. "लई दिस झालं."

अर्धी भाकरी ताटात ठेवून ते उठले. सुटलो असं वाटलं असणार, गंगासागर मनाशी म्हणाली, आणि तवा गरजेपेक्षा जोरात घासला.

एक तारखेला ती दिवसाउजेडी घरी आली. शेजारणी दारात उभं राहून बोलल्या. शिवांजलीनं कितीतरी दिवसांनी आईकडून वेणी घालून घेतली. साडेआठला तिघांची जेवणं झाली. नऊ वाजायला आले तसे अण्णाराव उठले, खुंटीवरची टोपी घातली, कोनाड्यातली बॅटरी घेतली.

"कुठं निघालात?"

"येतो," म्हणून ते पायरी उतरले.

गंगासागर दाराकडं बघत राहिली. शिवांजली वहीतून डोकं न काढता म्हणाली, "गाडीला गेले."

"कुणाच्या गाडीला? मी तर घरी हाय."

"तू गुरुवारीबी घरीच असतीस की. आबा गुरुवारीबी जातेत."

गुरुवार तिचा सुट्टीचा वार. त्या रात्री ते देवळात शेजारतीला जातात असं ती समजून होती. तिनं पोरीला कडी लावून घ्यायला सांगितलं, पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

अण्णाराव जातानाही जिनिंगच्याच वाटेनं गेले होते, त्यामुळं मोंढ्याच्या सरळ रस्त्यानं ती त्यांच्या आधीच पोचली. स्टेशनापाशी थोडी रेंगाळली, मग तिकीट-खिडकीच्या आडोशाला उभी राहिली. अण्णाराव आले. नळापाशी गेले. हाताच्या ओंजळीनं पाणी प्याले. गाडी उशिरा होती. ते बाकावर बसले, उठले, फलाटाच्या कडेशी जाऊन गंगाखेडच्या दिशेनं वाकून पाहिलं, परत येऊन बसले. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. पुन्हा उठले. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी हातानंच यायचीय म्हणून सांगितलं. वीस मिनिटांत ते सहा-सात वेळा कडेशी जाऊन आले असतील. गंगासागरनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती उतरायची तोवर त्यांचं वाट पाहणं संपलेलं असायचं, आणि तिच्या वाट्याला फक्त पाठ यायची.

गाडी आली. बॅटरी पेटली, हलली, विझली. विमलबाई आणि रोहिणी उतरल्या आणि अण्णाराव पुढं चालू लागले. जिनिंगच्या वाटेला.

भिंतीपाशी गंगासागरनं त्या दोघींना गाठलं.

"आगं बाई, गंगाताई!" विमलबाई दचकली. "आज तर तुमी घरी ना? मंग कावून आलात? अण्णाला धाडलंत तेवढं पुरं हाय."

"मी धाडलं?"

"न्हाई तर काय. दर गुरुवारी मी म्हणते, अण्णा, आज सून न्हाई, कशाला एवढं चालता. तर म्हणतेत, सुनंनंच सांगितलंय, इमलबाई एकटी हाय, जावा. आजबी मी गाडीत हिला म्हणलं, आता अण्णा कशाला येतेत. तर बघा, हायतच. लई उपकार हायेत तुमचे."

रोहिणी हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, माझी नोकरी तर तुमच्यामुळंच टिकली."

"माझ्यामुळं कशी?"

"बापू म्हणत होता, रातच्या गाडीनं येणं न्हाई, बूथ सोड. अण्णा घरी आले. बापूला म्हणले, आमची सून अकरा साल ह्याच गाडीनं येती. आमचं काय वाईट झालं? घर तिनं चालवलं. तिच्याबरुबर येईल तुमची पोरगी. मंग बापू गप झाला."

पुढं बॅटरीचा उजेड खड्ड्याशी थांबला, तिघी ओलांडेपर्यंत थांबून राहिला, मग सरकला. रोहिणीचं घर आलं. तिच्या दाराची कडी वाजेतो अण्णाराव उभे राहिले. पुढं विमलबाईची गल्ली. घरी जायचं तर इथवर यायचं काहीच कारण नव्हतं. ही गल्ली वाटेवर नव्हतीच. सहा वर्षं इथून चालून ही साधी गोष्ट गंगासागरला आत्ता दिसत होती.

विमलबाई आत गेली आणि अण्णाराव वळले. बॅटरीचा झोत सुनेच्या पायांवर पडला.

"तू?"

"मी कधी सांगितलं होतं तुम्हाला, इमलबाईला आणायला जा म्हणून?"

त्यांनी झोत तिच्या पायांवरून बाजूला घेतला.

"न्हाई सांगितलं. पण परक्या बाया अंधारात बरुबर घ्यायच्या, तर कुणाचं तरी नाव पाहिजे. माझ्या नावानं त्या आल्या नसत्या. तुझ्या नावानं आल्या."

मग अकरा वर्षं जिभेवर असलेला प्रश्न तिनं विचारला.

"पण इमलबाई तर नंतर आली. पहिल्या दिवशी मी एकटीच होते. तवा मोंढ्यातून कावून न्हाई नेलंत?"

अण्णारावांनी बॅटरी विझवली. अंधारात त्यांचा चेहरा दिसेना.

"लाज वाटायची," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? भाऊबंद दुकानात बसलेले. इचारतील, ह्या वक्ताला सून कुठून. म्हणून आडवाटेनं आणलं तुला. पहिलं साल-दोन साल तेच होतं मनात."

"आणि मग?"

"मंग तू पोरीला शाळेत घातलंस. माझं डोळ्याचं ऑपरेशन केलंस. त्याच भाऊबंदाची पोरं फोन लागंना म्हणून तुझ्याकडं चिठ्ठ्या धाडू लागली. लाज सरली, गंगा. पण सरली तवा तिचीच लाज वाटाया लागली. आता एकदम मोंढ्यातून नेलं तर तू म्हणशील, आजवर कावून न्हाई. तेवढ्यात ही इमलबाई आली, तिचं घर हिकडं. मला बरंच झालं."

कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं. गंगासागरच्या मनात अकरा वर्षांची किती वाक्यं रचून ठेवलेली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"एकदा बोलायचं होतंत, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "बोलाया पाहिजे होतं."

त्यांनी बॅटरी लावली आणि चालू लागले. ती निघाली. दहा पावलांचं अंतर पडायची ती वाट बघत होती, पण ते पडेना. म्हातारा हळू चालत होता, की तीच भरभर चालत होती, कोण जाणे.

घराच्या वळणावर तिनं विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठं?"

"गाडीला."

"तुला म्हाईत न्हाई व्हय गाडीचा टाइम?"

"मला उतरायचा म्हाईत हाय. घ्यायला जायचा न्हाई."

अण्णाराव थांबले. बॅटरी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"नऊ चाळीसची गाडी. पण नऊलाच घर सोडावं लागतं."

"एवढ्या लवकर?"

"एखाद्या दिशी लवकर आली तर? बाई फलाटावर एकटी उभी ऱ्हायची."

"अकरा वर्षांत कधी आली का लवकर?"

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, जणू एखादी रात्र निसटायला नको.

"न्हाई," ते म्हणाले. "एकदाबी न्हाई."