चतुराबाईचा करा

सरूबाईचा फोन आला तेव्हा मी विहिरीवर होतो. सरूबाई माझी मेहुणी, फुलंब्रीला असते. माझी बायको चतुराबाई तिच्याकडं मुक्कामाला गेली होती. सकाळी उठवायला गेले तर ती उठलीच नाही, एवढंच सरूबाईला सांगता आलं.

त्या वेळी आशाताई विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेत होत्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि आमच्या भागातल्या विहिरी तपासत होत्या. त्यांनीच मला त्यांच्या गाडीत घालून फुलंब्रीला नेलं. सरूबाईच्या ओट्यावर आमच्या पाण्याचा कॅन होता, अर्धा संपलेला. चतुराबाई कुठंही गेली तरी आपल्या विहिरीचं पाणी घेऊन जायची. विहीर खणायची जागा तिनंच दाखवली होती. दुसरं पाणी तिला गोड लागत नसे.

चौदावा झाल्यावर आशाताई पुन्हा आल्या. ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या की विहिरीत शिसं आहे. चतुराबाई त्यानं गेली का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, तसं मला सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

आमचा मळा हर्सूलच्या पुढं, फुलंब्री रस्त्याला आहे. वरच्या टेकडीवर जुन्या बॅटऱ्या वितळवायची एक भट्टी होती. ती बंद पडली, मालक निघून गेला, राख तिथंच राहिली. आशाताईंनी मला नीट समजावलं. शिसं मातीला चिकटतं. काळ्या मातीला, गंजाला तर घट्ट चिकटतं, आणि चिकटलं की सहसा हलत नाही. पण बॅटऱ्यांचं अ‍ॅसिड त्याच मातीत मुरलं होतं, त्यानं ते सुटलं आणि पाण्याबरोबर खाली आलं.

मी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. पूर्वीसारखंच निवळ होतं.

विहीर बुजवावी असं आमच्या भाऊबंदांचं म्हणणं पडलं. मी ऐकून घेतलं. मला एकच गोष्ट हवी होती. माणूस गेल्यावर पहिल्या अक्षय तृतीयेला त्याच्या नावानं करा, म्हणजे मातीचा लहान घट, भरतात, आमरस-पुरणाचा नैवेद्य दाखवतात आणि त्या कऱ्यातलं पाणी घरातले पितात. चतुराबाईचा करा तिच्याच विहिरीच्या पाण्यानं भरायचा होता. नळाच्या पाण्यानं भरला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. मला मात्र ते बरं वाटलं नसतं.

आशाताईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणायला लावला. तो धुऊन त्याचं तेल काढलं, पाणी मारून गंजवला. दोन माठांना खाली भोक पाडलं, तळाला वाळू घातली, वर हा गंजका कीस. एक माठ ओट्यावर ठेवला आणि ताडून बघायला एक गोठ्यात. वरून विहिरीचं पाणी ओतायचं, खालून गळेल ते तपासायचं. हिवाळाभर त्या बाटल्या नेत राहिल्या. आम्ही प्यायला नळाचंच वापरत होतो. होळीच्या सुमाराला त्या म्हणाल्या की पाणी चांगलं येतंय, पण सणाच्या सकाळी पुन्हा तपासून सांगेन, त्याआधी भरू नका.

सणाच्या आदल्या दिवशी सरूबाई आली. मी तिच्यासाठी लुगडं आणायला गुलमंडीच्या बाजारात गेलो होतो. परत आलो तर घर लखलखत होतं. तांब्या-पितळेची भांडी चकाकत होती. ओट्यावरचा माठही लाल दिसत होता, आणि त्यातून पाणी भराभर गळत होतं. मला छानच वाटलं.

सकाळी आशाताई ओट्यावरच्या माठातलं पाणी बाटलीत घेऊन गेल्या. पुरण शिजलं, आंबे पिळून झाले, दुपार झाली. मग त्या स्वतःच आल्या. करा भरला का, हे आधी विचारलं. नाही म्हटल्यावर खाली बसल्या. ओट्यावरच्या पाण्यात विहिरीपेक्षाही जास्त शिसं निघालं होतं.

"माठाला काही केलंत का?" त्यांनी विचारलं.

सरूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्या घासला. चिंचेनं. आतला चुरा बी घमेल्यात घालून चोळला, अन् राहिलेलं चिंचेचं पाणी वरून वतलं, वाळू निघंल म्हणून. अक्का असती तर असं गंजकं मडकं दारात ठिवलं असतं का?"

आशाताई तिच्याकडं बघत राहिल्या आणि हसू लागल्या. चिंच आंबट. टेकडीवर अ‍ॅसिडनं जे केलं, तेच चिंचेनं माठात केलं. गंजाला चिकटलेलं शिसं सुटून पाण्यात आलं. म्हणजे इतके महिने ते खरंच त्या किसानं धरून ठेवलं होतं. वर्गात दाखवूनही पोरांना पटत नाही, ते सरूबाईनं एका दुपारी करून दाखवलं, असं त्या म्हणाल्या.

सरूबाईला ते कौतुक वाटलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी, तिचा करा म्याच बिघडवला व्हय."

मी म्हणालो, "गोठ्यातला घासला का?"

"त्यो? त्यो म्हशीचा म्हणून सोडला. म्हशीला काय चकाकी दावायची?"

आशाताई उठल्याच. गोठ्यातल्या माठाची बाटली घेऊन गेल्या. आम्ही नैवेद्य झाकून ठेवला. सरूबाई दोनदा दारापर्यंत जाऊन आली. उन्हं कलली तेव्हा फोन आला. पाणी चांगलं होतं.

करा मी भरला. वर आंबा ठेवला. सरूबाईनं हळदकुंकू लावून नमस्कार केला आणि अक्काला सांगितलं की पाणी गोठ्यातलं हाय, पर तुझ्याच हिरीचं हाय. मला हसू आलं. चतुराबाई असती तर तिनं बहिणीला वर्षभर म्हशीवरून चिडवलं असतं. जेवताना आशाताईही आमच्या पंगतीला होत्या. कऱ्यातलं पाणी आम्ही तिघांनी घेतलं. गोड होतं.

ओट्यावरच्या माठात आता नवा कीस आहे. त्याच्यावर चिंच लावायची नाही, हे सरूबाई येईल त्याला सांगते.

टेकडीवरची राख आणि माती अजून तिथंच आहे. ती कुणी उचललेली नाही.