ठरावाची प्रत

सेलूच्या पंचायत समितीच्या व्हरांड्यात महेश्वरी सुनावणीसाठी ताटकळत उभी होती, आणि तिकडे गावात जेसीबी येऊन थांबला होता. शेजारच्या गौराबाईंचा नुकताच फोन येऊन गेला : "माय, मशीन आलंय. डायवर चहा प्यायलाय. जेवण झालं की लागतो म्हणालाय."

मशीन लागणार होते ते गावाबाहेरच्या लिंगायतांच्या दफनभूमीत. तिथे तिच्या वडिलांना, वीरुपाक्षअप्पांना, मागच्या श्रावणात मांडी घालून बसवले होते. तळहातावर इष्टलिंग, कपाळावर भस्म. गावच्या रिवाजाप्रमाणे वर दगड नाही, नाव नाही. नुसती माती, आणि ती खचली की घरच्यांनी येऊन पुन्हा भरायची. ही जागा ग्रामसभेने ठराव करून शेतमालाच्या गोदामाला दिली आहे, असे सरपंच दत्तराव सांगत होते. तो ठराव कुणी पाहिलेला नव्हता. महेश्वरीला तो पाहायचा होता.

माहितीच्या अधिकारातला पहिला अर्ज तिने बसवेश्वरकाकांच्या हाती पाठवला होता. काका, अप्पांचे धाकटे भाऊ, पंचायतीच्याच गाळ्यात किराणा चालवत. त्यांनी अर्ज ग्रामसेवक शिवप्रसादच्या हातात दिला, त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत आले. "पोच घेतली का?" असे तिने विचारले तेव्हा काका दुखावले होते. "रोज आपल्या ओट्यावर बसणारा माणूस हाय तो. त्याला शिक्का मार म्हणू? बरं दिसतं का ते?" महिना उलटला आणि शिवप्रसादने असा अर्ज आल्याचेच आठवत नाही म्हणून सांगितले. दुसरा अर्ज तिने स्वतः नेला. दहा रुपयांचे तिकीट लावून, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत ती टेबलासमोरून हलली नाही. त्यालाही उत्तर आले नाही, तेव्हा तिने पहिले अपील केले. आज त्याची सुनावणी होती.

जिवंत माणसाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती द्यावी, असे कायद्यात तिने वाचले होते. मेलेल्या माणसाच्या स्वस्थतेसाठी कायद्याने वेगळी मुदत ठेवलेली नव्हती. ती ओळ वाचल्यापासून तिच्या मनात एक काळी, निःशब्द घाई सुरू झाली होती. भिंतीपलीकडे कुणीतरी अखंड खणते आहे आणि आपण मात्र तारखा मोजत बसलो आहोत, अशी.

"अर्ज मागं घेऊ, माय," तिच्यासोबत आलेले काका हळूच म्हणाले. त्यांचे डोळे जमिनीवर होते. "दत्तराव काल दुकानात आले होते. गाळ्याचा करार संपलाय म्हणाले. हसत हसत म्हणाले, पण म्हणाले."

"अप्पांना कुठं नेणार आपण?"

काकांनी उपरण्याने मान पुसली.

एवढ्यात दत्तराव आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, मागे बॅग सांभाळत शिवप्रसाद. "काय महेश्वरीबाई! एम.ए. झालात, नोकरी काय लागली न्हाई, म्हणून पंचायतीच्याच मागं लागलात का?"

"नोकरी लागली असती तरी हेच मागितलं असतं, दत्तरावकाका."

"मागा की. मागायला कुठं पैसे पडतेत." ते हसले, आणि शिवप्रसादही हसला, उशिरा आणि थोडे जास्त.

आत विस्तार अधिकारी अर्पिता मॅडमनी फाइल उघडली. पंख्याचा आवाज खोलीभर रेंगाळत होता. त्यांनी थेट विचारले, "ठराव आहे की नाही?"

"आहे मॅडम," शिवप्रसाद म्हणाला. "म्हणजे झालेला आहे. प्रत तेवढी काढायची राहिली. आठ दिवस द्या, घरपोच करतो."

आठ दिवस! आठ दिवसांत गोदामाचा पाया भरून होईल आणि खाली कुणी कधी होते हेच कुणाला सांगता येणार नाही.

"मॅडम, प्रत नंतर द्या," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला. "मला मूळ नोंद आत्ता पाहू द्या. पाहणीचीही मागणी केली आहे मी अर्जात."

"नोटिशीत ग्रामसभेचं मूळ प्रोसिडिंग बुक आणायला सांगितलं होतं. आणलंय?"

शिवप्रसादने दत्तरावांकडे पाहिले. बॅगेची चेन दोनदा अडकली. शेवटी लाल पुठ्ठ्याचे जाड बुक टेबलावर आले. मॅडम पाने उलटू लागल्या. मागच्या वर्षीची ग्रामसभा आली. वर तारीख होती. खाली सह्या होत्या, अंगठे होते, दाटीवाटीने. आणि दोहोंच्या मधे पाऊण पान कोरे.

खोलीतली हवा आकसली. गावोगाव हीच चाल होती : सह्या आधी, मजकूर सवडीने. हजेरीची सही म्हणून बुक घरोघर फिरायचे, आणि काय लिहिणार हे विचारणे म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमान. त्या पांढऱ्या जागेकडे महेश्वरी पाहत राहिली. आठ दिवसांत तिथे काय उगवणार होते ते तिला अक्षर न् अक्षर दिसत होते. मग तिची नजर खाली घसरली आणि तिसऱ्या ओळीवर थबकली. वळणदार, ओळखीची सही. काकांची.

"गावाची संमती हाय, मॅडम," दत्तराव शांतपणे म्हणाले. "ह्यांच्या चुलत्याचीच सही बघा. विचारा त्यांना."

मॅडमनी मान वर केली. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. महेश्वरीने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिला धीर झाला नाही.

"सही माझीच हाय," काका म्हणाले. "पण मॅडम, पान असंच होतं. कोरं. दुकानात बुक आणलं, मी तराजू खाली ठेवला, सही केली. सगळेच करतेत. भावाच्या जागेवर मशीन घाला म्हणून मी कशाला सही करीन?"

"बसवेश्वर, जपून," दत्तराव म्हणाले.

"जपूनच बोलायलोय, दत्तराव. आजपर्यंत जपूनच होतो."

मॅडमनी पेन उघडले. कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरपी रेघ ओढली, शेजारी सही केली, तारीख घातली. मग एक कागद शिवप्रसादपुढे सरकवला. "लिहा. मागितलेला ठराव अभिलेखात उपलब्ध नाही."

"मॅडम, तोंडी सांगितलं तर..."

"लिहा."

शिवप्रसाद सरपंचांकडे पाहत राहिला. सरपंच मोबाइलमध्ये पाहत होते. शेवटी पेन हलले. एवढे महिने ज्याची भीती होती तो नकारच कागदावर उतरताना महेश्वरीला दिसत होता; एकेक अक्षर, कूर्मगतीने. मॅडमनी खाली आपला आदेश लिहिला : ठराव दाखवला जात नाही तोवर काम थांबवावे.

मोटारसायकलची चावी काकांना लावता येईना. गाडी महेश्वरीने चालवली. गावाकडे जाणारा वालूरचा रस्ता उन्हात पांढरा पडला होता. मागे बसलेले काका एकदाच बोलले : "गाळा जाईल आता."

दफनभूमीत मशीन सुरू झालेले होते. कडेची बोरीबाभळीची रांग उपटून पडली होती. महेश्वरी कागद उंच धरून धावली. ड्रायव्हर परगावचा होता. त्याने इंजिन बंद न करताच ओरडून सांगितले, "ताई, मला वाचता येत न्हाई. सरपंचांचा फोन येऊ द्या."

ती मोठ्याने वाचू लागली. इंजिनाच्या घरघरीत शब्द विरून जात होते. लोखंडी हात वर गेला.

काकांनी वहाणा काढून बांधावर ठेवल्या. अनवाणी चालत ते मशीनच्या पुढे गेले, एका जागी थांबले आणि खाली बसले.

ड्रायव्हरने मशीनचा हात अधांतरीच थांबवला. मान बाहेर काढली. "बाबा, उठा की! इथं काय हाय?"

"माझा भाऊ हाय," काका म्हणाले. "तुझ्या डाव्या चाकाच्या जरा पुढं. त्याच्या पलीकडं आमची आई."

ड्रायव्हरने चाकाकडे पाहिले. मग काकांच्या अनवाणी पायांकडे. त्याने चावी फिरवली, इंजिन थांबले, आणि तो मशीनवरून अशा जागी उतरला जिथे पाय ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते.