नुसती वाजवायची गाडी

आमच्या कसबा बावड्यात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळतात. पुढं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर मालक, मागं शिंगं रंगवलेली म्हैस. ढीगभर गाड्यांच्या गोंगाटात ती आपल्या गाडीचा आवाज ओळखते. बाहेरच्यांना हे पटत नाही. न पटू दे.

शेजारच्या आकारामनानांचा पोरगा कृष्णात म्हणजे पाडव्याचा राजा. त्यांची म्हैस मैना रेडकू होती तेव्हापासून त्यानं तिला आपल्या जुन्या गाडीमागं पळवलं. गेल्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि पोरगा हातचा गेला. मैनेनं वैरण सोडली. शेवटी नानांनी अंगणात त्याची गाडी सुरू केली, तशी तिनं कान टवकारले आणि गव्हाणीत तोंड घातलं. मग रोज संध्याकाळी ती गाडी वाजायची. तेवढ्यापुरता नानांचा चेहराही उजळायचा.

त्यांची लेक संयोगिता करसल्लागाराकडं नोकरीला. तिनं गाडीचे कागद बघितले. गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, पर्यावरण कर थकलेला.

"नाना, धूर बी लई हाय. तुमची छाती किती वाजत्या बघा," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. माझी वाळत घातलेली कापडंही काळी पडायची.

"कर भरू की," नाना म्हणाले. मी सोबत गेलो. आरटीओच्या खिडकीवर कळलं ते असं: कर भरायचा तर आधी नोंदणी नवी करा. नोंदणी मालकाच्या नावानं, आणि मालक तर वारलेला. नाव बदलायचं तर आधी थकलेला कर भरा. माझं डोकंच फिरलं. हवा स्वच्छ करायला निघालेला कायदा इतका गढूळ कशाला करायचा?

नानांना वाटलं, खरं सांगितलं की सुटेल.

"सायेब, गाडी रस्त्यावर न्हाईच जात. नुसती वाजवतो. सायलेन्सर काढून."

"पावणं, मग त्यो येगळाच गुन्हा हाय की!"

खिडकीपलीकडं सगळे हसले. नाना मान खाली घालून घरी आले.

भंगारात द्यायला मात्र नानांची एक सही पुरली. संयोगितानं गाडी रडत दिली, पण दिली.

पाडव्याला मैना गोठ्यातच होती. शिंगं रंगवायला नानांचे हात उठले नाहीत. दुपारी गल्लीतून तसलीच जुनी गाडी फटफटत गेली. आवाज इतका तोच, की मीही दारात धावलो. मैनेनं दावं तोडलं आणि त्या गाडीमागं सुसाट पळाली. आम्ही ओरडत मागं. गाडीवाला गडमुडशिंगी गावचा कुणी पावणा होता, तो घाबरून थांबला. मैनेनं त्याचा हात हुंगला, खांदा हुंगला. मग दोन पावलं मागं सरून नुसती उभी राहिली.

नाना धापा टाकत पोचले आणि तिच्या गळ्यात पडले. भर रस्त्यात म्हाताऱ्यानं हंबरडा फोडला.

"कळलं व्हय गं बाई तुला? इतकं दिस तुझ्यापुरता तरी जित्ता हुता की गं माझा कृष्णात!"