कालवांचा बाप्पा

"आमच्या खाडीत कालवं शोधायला लागत नाय, पाव्हणे. कोयता नुसता दाखवला तरी टोपली भरते!"

पुंडलिकनं ही थाप मारली ती रोह्याला, दत्तात्रेयच्या ओटीवर, बशीतला चहा फुंकत. खरं तर थाप मारायची काही गरज नव्हती. दत्तात्रेयचा मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टला, आणि पुंडलिकची पोरगी जनी रोज पेणला शिवणाच्या क्लासला. दोघांची पसंती एसटी स्टँडवर केव्हाच झाली होती. बोलणी रीतीपुरती. पण पुंडलिक गप्प बसला असता तर तो पुंडलिक कसला?

दत्तात्रेय सरसावला. "आमच्याकडं आता शिंपला दिसत नाय. मागं एका पाव्हण्यानं खाडीचा जिताडा म्हणून तळ्यातला रोहू वाढला. मी ती सोयरीक मोडली. जो माशात फसवतो तो पोरीत पण फसवल. तुमची कालवं डोळ्यांनी बघीन, मग सुपारी फोडीन."

"या की अमावस्येला!"

घरी जनीनं हे ऐकलं आणि हातातलं सूप आपटलं. "बाबा, तुम्ही शेवटचं कालव कवा बघितलं?"

पुंडलिक आठवायला लागला. त्याची आई बायजाबाई, जिनं उभा जन्म खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडून पेणच्या बाजारात विकली, ती म्हणाली, "ही कडेवर होती तवा. आता खडकांवर गाळ बसलाय. कालवाला धरायला कडक जागा लागते, गाळावर ते काय धरल? तुझी जीभ?"

अमावस्येला दत्तात्रेय पेढे घेऊन आला. गावातल्या कान्हूच्या होडीतून तो, पुंडलिक, जनी, बायजाबाई आणि होडीवाला कान्हू असे पाच जण निघाले. पहिल्या खडकावर गाळ. दुसऱ्यावर गाळ, आणि चिखलात उड्या मारणारी एक निवटी मासळी, ती पण यांना बघून पळाली.

"पुढं हायत, पुढं," पुंडलिक म्हणाला.

"पुढं समुद्र हाय," कान्हू म्हणाला.

दत्तात्रेयनं मांडीवरचा पेढ्यांचा पुडा उचलून पिशवीत घातला. जनीनं ते बघितलं. बापाकडं मात्र बघितलं नाही.

ओहोटी त्या दिवशी भलतीच खाली गेली. वळणावर पाण्यातून एक मुकुट वर आला.

"आयला," कान्हू म्हणाला, "आपला बाप्पा!"

मागं कधी तरी गावच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष पुंडलिक होता. बाप्पा हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यातला, पण मांडव गळका. "पावसाला दाद देणार नाय असा करतो," म्हणत यानं मूर्तीला वरून सिमेंट चोपडलं. विसर्जनाला दोन होड्या बुडता बुडता राहिल्या, आणि मूर्ती घसरून तळाशी सरळ बसली ती बसलीच. विरघळली नाही. वर्षभर गावानं पुंडलिकला शिव्या घातल्या, मग विसरलं.

आता पाणी उतरत गेलं तसा बाप्पा उघडा होत गेला. सोंड कालवांची. पोट कालवांचं. कानांवर कालवं अशी एकावर एक बसलेली की सुपाएवढे कान पाटीएवढे झालेले. मोदकाच्या जागी एक चिंबोरी नांग्या जोडून बसलेली. पायाशी ओहोटीनं एक डबकं मागं ठेवलं होतं. बाकी खाडी चहासारखी, आणि हे पाणी एवढं नितळ की तळाचा शिंपला न् शिंपला दिसत होता. कोळंबीची पिल्लं काचेची असावीत तशी फिरत होती. आणि आवाज! हजारो कालवं मिटताना टिक, टिक, टिक.

बायजाबाईनं पदर डोक्यावर घेतला. "कालवाचं काम हेच. तोंड उघडायचं, गढूळ प्यायचं, नितळ सोडायचं," ती हळूच म्हणाली. "एवढी मी जन्मात बघितली नाय गो."

शेवटी कान्हूनं कोयता पुंडलिकपुढं केला. "काढ. टोपली भरते ना?"

"बाप्पाच्या पोटाला कोयता लावू?"

"मग सोंडेपासून सुरू कर."

"गप रे मेल्या," बायजाबाई म्हणाली. "आन् देवाच्या अंगावरचं म्हावरं खाणार कोण? तुझा बापूस?"

सगळे दत्तात्रेयकडं बघायला लागले. दत्तात्रेयनं चपला काढल्या, होडीतून उतरला, गुडघ्यापर्यंत चिखलात गेला आणि हात जोडले.

"खायचं कुठं ठरलं होतं?" तो म्हणाला. "बघायचं ठरलं होतं. द्या तो कोयता."

कोयत्याच्या पाठीनं त्यानं खिशातली सुपारी होडीच्या काठावर फोडली. जनी हसली ती थांबेना.

"मी काय बोललो होतो?" पुंडलिक म्हणाला.

मग सगळेच पाया पडायला उतरले. पेढे होडीतच होते. होडी कान्हूनं बाप्पाच्या वरच्या हाताला बांधली होती, दोर आखूड.

पाया पडून होतायत तोवर भरती आली. होडी वर उचलली, हात कोपरापासून तुटला आणि होडी हातासकट गेली. पाच जणांना मिठागरवाल्यांनी दोर टाकून काढलं. होडी धरमतरच्या जेटीला मिळाली. पेढे संपले होते. हातावरची कालवं बार्जवाल्यांनी भाजून खाल्ली होती.