कुंपणाची भाजी

लोसालिनच्या परसातलं कुंपण कोणीतरी खुडून नेत होतं.

घरामागे, डुकरं बांधायच्या जागेभोवती, पेलेची झुडपं होती. भेंडीच्या जातीचं हे झाड, पानं मऊ आणि तळव्याएवढी. सासूबाईंनी कधीकाळी भाजीसाठी लावलेली. सासूबाई गेल्या, तेव्हापासून ती पानं डुकरांच्याच पुढ्यात पडत. पण आता एक एक झुडूप उघडं दिसायला लागलं होतं. फांदी मोडलेली नाही, साल सोललेली नाही. फक्त कोवळे शेंडे गायब!

"डुक्कर काही शेंडे निवडून खात नाही," नवरा पेनिसिमानी पायाची जखम बांधता बांधता म्हणाला. "हे माणसाचं काम आहे."

कोणत्या माणसाचं? लोसालिनला चैन पडेना. ती आमच्या नेयाफू बंदराच्या धक्क्यावर कस्टम कचेरीत कामाला. संशय घेणं हे तिचं रोजचंच काम. तिची नजर शेजारी गेली. शेजारच्या खोलीत लुपे राहायची. दूरच्या लहान बेटावरचं तिचं घर समुद्राने नेलं, तेव्हा नवरा-मुलांसह ती इथे आली. तिला ना परस, ना झाड.

लुपे बाहेर कपडे धूत होती. लोसालिन म्हणाली, "काय गं लुपे, आमच्या पेलेला पाय फुटलेत वाटतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला ठाऊक. मागितली असतीस तर नाही म्हटलं असतं का मी?"

लुपे उठून उभी राहिली. दारात तिची मुलं ऐकत होती. "समुद्राने आमचं सगळं नेलं, बाई," ती म्हणाली. "पण दुसऱ्याच्या झाडाला हात लावायची वेळ अजून आली नाही आमच्यावर." आणि अर्धवट पिळलेले कपडे घेऊन ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बोट उशिरा येणार होती, म्हणून लोसालिन सकाळी घरीच होती. सहज खिडकीतून पाहते तो काय! तिची स्वतःची लेक फाने कुंपणाशी उभी. शेंडे खुडतेय, दप्तरात भरतेय.

"फाने! हा पाला कुठे चाललीस घेऊन?"

पोर दचकली. "शाळेत. शिजवायला."

"डुकरांचा पाला? आणि खातं कोण तो?"

"सगळेच. मीपण."

"आणि मी डब्यात नूडल्स देते ते?"

फानेने दप्तर पाठीमागे लपवलं. लोसालिनच्या डोक्यात तिडीक गेली. कस्टमच्या बाईची पोर डुकरांचा पाला खाते, हे गावभर झालं तर? तिने फानेचा हात धरला आणि तडक शाळा गाठली.

शाळेच्या आवारात नीरफणसाखाली भलं मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं. मुख्याध्यापिका सेइनीबाई झगा खोचून नारळ खवत बसल्या होत्या. लोसालिन त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"ये पोरी. भांडायला आलीस ना? आधी बस, मग भांड."

"बाई, हे काय चालवलंय तुम्ही? पोरांकडून पाला मागवता?"

"मी मागवला नाही. मी फक्त वर्गात विचारलं, तुमच्या घरामागे काय उगवतं? कुणी म्हणालं, नारळ सडतात. कुणी म्हणालं, नीरफणस पडतात आणि माशा बसतात. तुझी फाने म्हणाली, आमच्याकडे नुसतं कुंपण. मी म्हटलं, दाखव बघू कुंपण! गंमत बघ, बेटावर सगळं आहे. पण एका घरात सगळं नाही. आणि डबे उघडले तर प्रत्येकात तेच एक पाकीट, बोटीतून आलेलं. ते खोके तूच उतरवून घेतेस ना?"

लोसालिनने फानेचा हात सोडला.

"चांगला कंद आपण चर्चच्या मेजवानीला देतो. चांगलं डुक्कर ऑकलंडहून आलेल्या पाहुण्यांना. द्यावं, जरूर द्यावं. पण घरच्या पोराच्या पानात काय उरतं? पेनिसिमानीची जखम भरली का गं?"

"नाही बाई. साखर उतरतच नाही."

"मग?"

"पण पाला म्हणजे गरिबाचं खाणं, असं लोक म्हणतात."

"कोण म्हणतं?"

लोसालिन आठवू लागली. एकही नाव आठवेना!

फाने हळूच म्हणाली, "आई, आज मासेपण आहेत. लुपेमावशीचे."

"लुपेचे?"

"तिचा नवरा मासेमारीला जातो," सेइनीबाईंनी सांगितलं. "तिला भाजी मिळत नाही, आपल्या पोरांना ताजा मासा मिळत नव्हता. ती रोज मासे साफ करून देते. शुक्रवारी व्हरांड्यात उरलंसुरलं मांडतो, ज्याला हवं त्याने घरी न्यावं. ती भाजी नेते. हक्काने नेते."

लोसालिनचे कान तापले. आपल्या लेकीला जी खाऊ घालतेय, तिलाच आपण चोर म्हणालो!

ती तशीच लुपेच्या दारात गेली. "लुपेताई, माझं चुकलं."

लुपे मासे कापत होती; तिने सुरी खाली ठेवली नाही. "तुम्ही बोललात ते माझ्या मुलांनी ऐकलं."

"मग शाळेतून आली की त्यांच्यासमोरच बोलते." आणि संध्याकाळी ती खरंच बोलली, मुलांसमोर, हात जोडून. लुपेचा चेहरा सैल झाला तो त्यानंतरच. मग लोसालिनने अवघडून विचारलं, "ती पानं शिजवतात कशी? सासूबाई करायच्या. मी शिकलेच नाही."

"एवढ्या मोठ्या कचेरीतली बाई, आणि पेले येत नाही?" लुपे खळखळून हसली. "या आत. आधी नारळाचं दूध काढा."

पुढे पालकांची सभा भरली. एक गृहस्थ उठून म्हणाले, "घरोघरचा पाला गोळा करून पोरांना घालायचा! आपली शाळा काय भिकेला लागली?"

लोसालिन उभी राहिली. "मलाही लाज वाटली होती," ती म्हणाली. "पण भीक ती कशी? इथे प्रत्येकजण देतो आणि प्रत्येकजण घेतो. माझी मुलगी लुपेताईंचा मासा खाते, त्यांची मुलं माझी भाजी. माझ्या नवऱ्याच्या ताटातही आता तीच आहे. तुमच्याकडे काय आहे, सांगा ना!"

मग ते गृहस्थच पुटपुटले, "रताळी आहेत. ढीगभर."

सगळी सभा हसली, तेही हसले.

मंडळी, आपल्या घरांच्या मध्ये कुंपणं आहेत, मोठेपणा आहे, जुन्या अढ्या आहेत. पण शाळेत सगळ्या घरांतली मुलं रोज एकत्र बसतात. तिथे आपल्या मातीतलं अन्न एकत्र येऊ द्या. ताजा घास एका पोराच्या पोटात गेला, की तो त्याच्या घरापर्यंत पोचतो. आणि ज्याचं अन्न आपल्या लेकराने खाल्लं, तो माणूस मग आपल्याला परका वाटत नाही!