डॉक्टर ओझमिर यांचा शार्क

आमच्याकडे ब्राझीलच्या शेअर बाजारात छोट्या माणसाला तारली मासळी म्हणतात आणि बड्याला शार्क. सांतोसचे दंतवैद्य ओझमिर फाल्काव स्वतःला दोन्हींत धरत नसत. आपण शार्कच्या मागोमाग पोहणारे हुशार गृहस्थ आहोत, अशी त्यांची समजूत होती. पेशंटचा जीव रमावा म्हणून खुर्चीसमोर लावलेल्या टीव्हीवर आता दिवसभर सौदे सरकत, कोणत्या ब्रोकरमार्फत किती शेअर घेतले ते नावासकट.

फरश्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरला कुत्रं विचारत नव्हतं. एके दिवशी त्यात 'रेस्तिंगा' या ब्रोकरमार्फत मोठी खरेदी झाली आणि डॉक्टरांनी कान टवकारले. मुलगी ताईझी नुकतीच दंतवैद्य झाली होती. शेजारच्या खोलीत तिच्यासाठी खुर्ची बसवायची म्हणून ठेवलेले सगळे पैसे त्यांनी त्या शेअरात घातले. एकीऐवजी दोन खुर्च्या घेऊ, म्हणाले. ताईझीने रिकाम्या खोलीचं दार लोटून घेतलं.

शार्कची भूक मात्र वाढतच गेली. सकाळी रेस्तिंगा, जेवणानंतर रेस्तिंगा. भाव चढत होता. डॉक्टर हातात ड्रिल धरून प्रत्येक पेशंटला शार्कची चाल समजावून सांगत. पेशंटच्या तोंडात कापूस आणि नळी, त्यामुळे विरोध कुणीच केला नाही. डॉक्टर यालाच संमती समजत.

एका दुपारी नेहमीच्या पेशंट झोराईदबाई दाढ भरायला आल्या. चूळ भरून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाल्या, "ते बघा, मी आले."

"कुठे?"

"ते काय, रेस्तिंगा. आत्ताच बाहेर बसल्या बसल्या मोबाइलवर घेतले. आम्ही सगळे तिथूनच घेतो. तुम्ही सारखं तेच नाव घेता ना डॉक्टर, म्हटलं दुकानही तेच बरं. माझा भाचा, चर्चमधल्या बायका, तुमचा तो रूट कॅनलवाला पोलीससुद्धा."

डॉक्टर स्टुलावर बसले. पहिली खरेदी तेवढी कुणा बड्याची असावी, आणि तो केव्हाच विकून गेला असावा. त्यानंतर ते आपल्याच पेशंटांचा माग काढत होते. आता गुपचूप विकलं असतं तर दोन्ही खुर्च्या आल्या असत्या. विकायच्या बटणावर बोट गेलंही. पण भाव कोसळला असता तो याच लोकांच्या डोक्यावर, आणि उद्या पुन्हा त्यांच्याच तोंडात हात घालायचा होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी एकेकाला गाठून खरं सांगितलं, तेही ड्रिल खाली ठेवून. लोकांनी विकलं, भाव घसरला, डॉक्टर सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. उरलेल्या पैशांत खुर्चीची डोकं टेकायची उशी तेवढी आली असती.

"शार्क नव्हताच गं," संध्याकाळी ते ताईझीला म्हणाले. "सगळ्या तारल्याच. आणि सगळ्यांत मोठी तारली मी."

ताईझी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. "होता की, बाबा. त्याचे दात तर तुम्हीच भरत होतात."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या खुर्चीपाशी ताईझी उभी राहिली. डॉक्टर बाहेर बसून पेशंटांची नावं पुकारू लागले. तिथे कुणाच्याच तोंडात कापूस नव्हता, आणि प्रत्येकाला शार्कबद्दल बोलायचं होतं.