ढोल्या काय म्हणतोय?

"टबात संत्री कोणी टाकली? आत्ता नाही टाकायची, कार्यक्रमात टाकायची!" घाई ओरडला.

घाई म्हणजे आमचा दिग्दर्शक. त्याला बरं नाव आहे, पण ते त्याच्या बायकोशिवाय कोणी वापरत नसेल. संत्री मीच टाकली होती. खरंच तरंगतात का ते मला बघायचं होतं. मी काही शास्त्रज्ञ नाही, मी पाणघोडा आहे. म्हणजे अर्धा पाणघोडा.

उरलेला अर्धा कोपऱ्यात खुर्चीवर बसून गरम पाण्याचे घोट घेत होता. ते आमचे हे.

मुलांच्या ह्या कार्यक्रमात एक जांभळा कापडी पाणघोडा आहे, ढोल्या. टेबलामागून डोकं वर काढतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. त्याच्या तोंडात हात माझा, आवाज ह्यांचा. टेबलाखाली आम्ही दोघं अगदी चिकटून बसतो. ह्यांनी बोलायला श्वास घेतला की त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला किंचित दाबतो आणि माझा हात उघडतो. हे कोणी शिकवलेलं नाही, बसून बसून झालंय. आमच्या अख्ख्या संसारात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नाही. घरी हा माणूस "हं" आणि "बघू" एवढ्यावर दिवस काढतो. लग्नानंतर आई मला हळूच विचारायची, "जावईबापू बोलत नाहीत का गं?" मी सांगायचे, "बोलतात ना, पण पाणघोडा झाल्यावर."

ढोल्याचं एक पक्कं आहे, तो कायम चुकतो. ही मास्तरीणबाईंची युक्ती. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या; आता कार्यक्रम लिहितातही त्याच आणि पडद्यावर मुलांशी बोलतातही त्याच. त्यांचं म्हणणं, मुलांना शिकवणारे घरीदारी पोत्याने आहेत, त्यांना ज्याला शिकवता येईल असं कोणीतरी द्या. म्हणून ढोल्या आधी छाती ठोकून चुकीचं सांगतो आणि मुलं त्याला वळणावर आणतात.

आजवर हे सगळं बंद खोलीत चाललं. मुलं घरी टीव्हीसमोर, आम्ही इथे टेबलाखाली. आज पहिल्यांदा कार्यक्रम थेट जाणार होता आणि मुलं समोर बसणार होती. खरीखुरी, हातपाय असलेली मुलं!

आणि उद्या ह्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

म्हणजे ढोल्या म्हणून ह्यांचा आजचा दिवस शेवटचा, आणि समोर मुलं असण्याचा पहिला. आत्ताच आवाजाची दशा फाटक्या भोंग्यासारखी झाली होती. घाई माझ्या शेजारी येऊन कुजबुजला, "वहिनी, ऐका माझं. जुन्या भागांतली वाक्यं जोडून टेप तयार ठेवलीये. मध्येच आवाज गेला तर थेट प्रक्षेपणात मी काय करू?"

ह्यांनी ऐकलंच. खरखरत म्हणाले, "मुलं काहीही विचारतील. टेप काय उत्तर देणार?"

"पण तुम्हाला त्रास..."

"अरे, उरलाय तेवढा आवाज आज खर्च करू दे की त्यांना!" मीच खेकसले. "शिल्लक ठेवून काय लोणचं घालायचंय?"

घाईने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि टेप बंद ठेवायला सांगायला गेला. मला लगेच वाईट वाटलं. पण बोलले ते खरं होतं.

मुलं आली तेव्हा आम्ही टेबलाखाली जाऊन बसलो होतो. पायाशी ठेवलेल्या छोट्या टीव्हीवर आम्हाला सगळं दिसतं. काय ती गर्दी, काय ती ढकलाढकली! एकाने बूट उलटे घातलेले, एकीचे पुढचे दोन्ही दात पडलेले. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. "किती आहेत गं," ते म्हणाले, लहान मूल म्हणेल तसं.

लाल दिवा लागला. मी ढोल्याला वर काढलं आणि मुलांनी जी आरोळी ठोकली, आईशप्पथ, टेबल हललं! गुडघा दाबला, हात उघडला, आणि आवाज आला. खरखरीत, पण तोच. "कोण ओरडलं? मी झोपलो होतो ना!"

मग टबात चमचा बुडाला, लाकडाचा ठोकळा तरंगला, किल्ली बुडाली. ढोल्या प्रत्येक वेळी चुकला, मुलं प्रत्येक वेळी त्याच्यावर तुटून पडली. उलट्या बुटांच्या पोराने मध्येच विचारलं, "ढोल्या, तू तरंगतोस का रे?"

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ह्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "मी? मी तर ढग आहे! पिसासारखा हलका!"

"नाही!" मुलं किंचाळली. "तू बुडशील!"

ह्यांचे डोळे असे चमकत होते की मी बघतच राहिले. मला वाटलं, होतंय, निभतंय, हा माणूस शेवटापर्यंत जाणार.

मास्तरीणबाईंनी संत्रं पाण्यात सोडलं. तरंगलं. ते उचलून त्यांनी विचारलं, "ढोल्या, आता हेच संत्रं सोललं तर काय होईल?"

गुडघा दाबला. माझा हात उघडला.

आवाज आला नाही. नुसती हवा आली.

तिथे मी हात मिटायला हवा होता. कोणाही शहाण्या माणसाने मिटला असता. पण इतकी वर्षं ह्यांच्या श्वासावर चाललेला हात तो! त्याने सगळं वाक्य म्हणून टाकलं, जिथे हे थांबतात तिथे थांबून, शेवटी मान वर झटकून. आवाजाविना. थेट प्रक्षेपणात. कानातल्या हेडफोनमध्ये घाई ओरडत होता, "आवाज कुठे गेला? आवाज कुठाय?" ह्यांनी पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या, काही नाही. मास्तरीणबाई हातात संत्रं घेऊन खांबासारख्या उभ्या.

तेवढ्यात दात पडलेली पोरगी उठली. कोणाला न विचारता टेबलापाशी आली, ढोल्याच्या जबड्याला कान लावला. माझ्या बोटांना तिचा कान लागला, गरम. मी घाबरून पुन्हा तेच वाक्य हलवलं.

ती मुलांकडे वळली. "त्याचा आवाज बसलाय. तो म्हणतोय, सोललं की अजून वर येईल. हलकं होईल ना, म्हणून."

जसंच्या तसं! मास्तरीणबाईंनी लिहिलेलं, ह्यांनी घरी पाठ केलेलं, तेच.

"बरोबर आहे त्याचं!" अर्धी मुलं ओरडली. "चूक आहे! तो कायम चुकतो!" उरलेली अर्धी. मास्तरीणबाईंच्या अंगात वारं आलं. त्यांनी भराभर संत्रं सोललं, पाण्यात टाकलं, आणि ते गेलं सरळ तळाला.

काय तो दंगा! पोरं उभी राहून नाचायला लागली. सालीत हवा असते, ती संत्र्याला धरून ठेवते, हे मास्तरीणबाईंना ओरडून सांगावं लागलं. मी ढोल्याचं तोंड उघडलं. पोरीने कान लावला. "तो म्हणतोय, मग मलापण तसली साल पाहिजे!" आता सगळ्यांचाच एक ओरडा सुरू झाला, "ढोल्या काय म्हणतोय? ढोल्या काय म्हणतोय?"

टेबलाखाली हे आधी ओठांनी शब्द करत होते आणि मी त्यांच्याकडे बघून हात हलवत होते. पोरगी सांगायची ते वेगळंच असायचं, पण असायचं ढोल्याचंच. थोड्या वेळाने ह्यांनी ओठ मिटले. डोकं टेबलाच्या पायाला टेकवलं आणि नुसते ऐकत बसले. त्यांना इतकं खूश मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि खांदा भरून आलेला असूनही हात खाली घ्यावासा वाटत नव्हता.

दिवा विझल्यावर घाई धावत आला आणि टेबलाखालीच ह्यांच्या गळ्यात पडला. "असला भाग आयुष्यात झाला नाही! फोन थांबत नाहीयेत, फोन!" मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी लिहिते म्हणून उगाच मिरवते." ह्यांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. बोलायचा प्रयत्न केला नाही.

ढोल्याला कपाटात ठेवून आम्ही मागच्या दाराने निघालो, तर तिथे तीच पोरगी. वडील बुटाची नाडी बांधत होते आणि ही पाय पुढे करून उभी. ह्यांना बघून म्हणाली, "काका, तुम्ही इथेच काम करता?"

ह्यांनी मान हलवली.

"ढोल्याला ओळखता?"

पुन्हा मान.

"मग त्याला सांगा, आवाज आला नाही तरी येत जा म्हणावं. आम्हाला कळतं." मग तिने ह्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमचापण बसलाय?"

हे हसले. पोट हलवून, खांदे उडवून, ढोल्या हसतो तसे खदखदून हसले, आणि त्या हसण्याला कणभरही आवाज नव्हता.

पोरगीही हसायला लागली. मी बाजूला उभी होते. माझा रिकामा उजवा हात ह्यांच्या हसण्याबरोबर उघडत होता, मिटत होता.